टीव्ही लावला की वर्ग चिडीचूप, पण डोक्यात काय गेलं?

प्रश्न: ताई, मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. लोकवर्गणीतून वर्गात मोठा टीव्ही आलाय. व्हिडिओ लावला की पोरं एकदम गप्प, पण दुसऱ्या दिवशी विचारलं तर "मॅडम, त्यात एक दाढीवाले सर होते" एवढंच सांगतात. निम्मी पोरं घरी कन्नड बोलतात, त्यांना व्हिडिओतलं पुस्तकी मराठी झेपत नाही, त्यात रेंजची बोंब. दाखवायचं सोडूनच देऊ का?

उत्तर: सोडू नका हो मॅडम. फक्त वर्ग गप्प आहे म्हणून खूश होऊ नका, गप्प म्हणजे बहुतेकदा पोरं पिक्चर बघायला बसलेली असतात. तुमच्या हातात रिमोट आहे ना, सगळी गंमत त्या पॉजच्या बटणात आहे.

आता आम्ल-आम्लारीचंच घ्या, लिंबू म्हणजे आम्ल आणि साबणाचं पाणी म्हणजे आम्लारी. व्हिडिओ लावायच्या आधी विचारा, शर्टावर कालवण सांडलं आणि आईनं साबण लावला की पिवळा डाग लाल का होतो? हे प्रत्येकानं बघितलेलं असतं, पण का होतं ते कुणी विचारलेलं नसतं, त्यामुळं पोरं लगेच भांडायला लागतात, भांडू द्या. मग व्हिडिओ लावा आणि त्यातले सर दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंगानं दाखवणारा पदार्थ, टाकणार एवढ्यात पॉज करा. रंग कुठला होईल ते प्रत्येकानं वहीत लिहायचं, आणि लिहिल्याशिवाय पुढं सरकायचं नाही. मग हळदीच्या पाण्यानं रंगवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या वाटा. सांगली जिल्ह्यात राहून हळद कमी पडायची नाही! एका टोकाला साबणाचं पाणी, दुसऱ्या टोकाला लिंबू. साबणाकडची बाजू लाल होते, लिंबाकडची पिवळीच राहते, आणि लाल झालेल्यावर लिंबू पिळलं की परत पिवळं. हे हातानं झाल्यावर उरलेला व्हिडिओ लावा, मग बघा पोरं कशी बघतात, कारण आता त्यांना आपलं बरोबर आलं का ते तपासायचं असतं. चार मिनिटांच्या व्हिडिओला अख्खा तास जातो, जाऊ द्या.

कन्नड बोलणाऱ्या पोरांसाठी आवाज बंद करून दाखवा आणि तुम्ही तुमच्या भाषेत बोला. दुसऱ्यांदा लावताना पोरांना कॉमेंट्री करायला सांगा, कन्नडमध्ये केली तरी चालेल, पारिभाषिक शब्द तेवढे मराठीत. स्पीड पाऊणपट केला तरी बराच फरक पडतो.

रेंजचं म्हणाल तर बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपवर स्कॅन करा, हे ॲप २०१७ पासून आहे, त्यातलं बरंचसं डाउनलोड करून ठेवता येतं. घरून वायफायवर करून न्या. आणि आधी स्वतः शेवटपर्यंत बघा, मी एकदा न बघता लावला आणि मधेच बनियनची जाहिरात आली, ती मात्र पोरांना वर्षभर पाठ होती.

प्रश्न: मी कोरेगावचा, गणित शिकवतो. स्वतः व्हिडिओ करून पालकांच्या ग्रुपवर टाकावा म्हणतोय, पण कॅमेऱ्यासमोर लाज वाटते.

उत्तर: सर, तोंड दाखवायलाच कशाला पाहिजे? दोन पुस्तकांच्या थप्प्यांवर पट्टी आडवी टाकून त्यावर फोन मागचा कॅमेरा खाली येईल असा ठेवा आणि खाली वहीवर गणित सोडवा, नुसता हात दिसला तरी बास. एका व्हिडिओत एकच गणित, तीन-चार मिनिटं. पण तो बघितलाच असेल असं धरून दुसऱ्या दिवशी पुढं पळू नका, घरातला एकुलता फोन वडील रानातनं आल्यावर हातात येतो, तोवर पोरगं झोपलेलं असतं. ज्यांचं राहिलं त्यांना मधल्या सुट्टीत तुमच्याच फोनवर दाखवा. आणि हो, रेकॉर्डिंगला फॅन बंद करा, नाहीतर नुसतं घरघर ऐकू येतं.