त्वचेतल्या मूळपेशी शिकायच्यात? इथून सुरू कर

सुट्टीत गुहागरला घरी आहेस ना, मग पुस्तक उघडण्याआधी ओले काजूगर सोलणाऱ्या आजीचे हात बघ. चिकानं कातडी सोलवटते आणि काही आठवड्यांत नवी येते. ती येते बाह्यत्वचेच्या सगळ्यात खालच्या थरातून. तिथल्या मूळपेशी (स्टेम सेल, म्हणजे विभागून नव्या पेशी पुरवत राहणाऱ्या पेशी) विभागतात. काही पेशी तिथेच राहतात, बाकीच्या केराटिन हे चिवट प्रथिन साठवत वर सरकतात, मरतात आणि गळून पडतात. साधारण महिनाभराचा हा प्रवास आधी पक्का कर, बाकी सगळं त्यावरच उभं आहे.

सुरुवातीच्या दोन चुका टाळ:

- मूळपेशी म्हणजे वाट्टेल ते बनणारी पेशी, हा समज. प्रौढ त्वचेतली मूळपेशी मेंदू किंवा हृदय घडवत नाही.
- सगळ्या एकाच जागी असतात असं धरून चालणं. केसाच्या पुटकातल्या, म्हणजे केस ज्या पिशवीतून उगवतो तिच्यातल्या, फुगवट्यात वेगळ्या असतात. एरवी त्या केस घडवतात, जखम झाली की भरून काढायला धावतात. म्हणून वरवरचं भाजलेलं भरतं, खोल भाजलं की पुटकंही जळतात आणि व्रण राहतो.

१९७५ साली राइनवाल्ड आणि ग्रीन या शास्त्रज्ञांनी माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या. ते जरूर वाच, फार सुंदर काम आहे. जनुकं आणि संदेशमार्ग मात्र सध्या बाजूला ठेव.

आज फक्त थरांची आकृती काढ, न बघता. अडलीस की विचार.