सॅन डिएगोला राहायला जावं का?

प्रश्न : नवऱ्याला अमेरिकेत सॅन डिएगोत नोकरी मिळते आहे. वर्षभर ऊन, दाराशी समुद्र, असं सगळे सांगतात. घरभाडं ऐकून मात्र छाती दडपते. तुम्ही तिथे राहता, तुम्हाला काय वाटतं?

उत्तर : ताई, माझा संसार इथेच झाला आणि हे शहर मला मनापासून आवडतं. पण दाराशी समुद्र हे विसरा. किनाऱ्यालगतची घरं बहुतेक नोकरदारांना परवडत नाहीत. आमच्यासारखे लोक पूर्वेला एल कहोन किंवा उत्तरेला एस्कॉन्डिडोकडे सरकतात. तिथे उन्हाळ्यात चांगलंच तापतं, एसी लावावाच लागतो आणि विजेचं बिल जड जातं.

किनाऱ्यावर उलट तऱ्हा. मे-जूनमध्ये कित्येकदा दुपारपर्यंत सूर्य दिसत नाही. किनाऱ्यालगत वाहणाऱ्या कॅलिफोर्निया या सागरी प्रवाहाचं पाणी थंड, त्यावरची हवा गार होते आणि ढगांचा सखल थर किनाऱ्याला चिकटून बसतो. भर उन्हाळ्यातही पाण्यात शिरताना अंगावर काटा येतो!

तरीही जानेवारीत मुलं साध्या स्वेटरवर बाहेर खेळतात. १९१५ साली इथे भरलेल्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी बांधलेल्या इमारती बाल्बोआ पार्कमध्ये अजून उभ्या आहेत. तिथे संध्याकाळी फिरायला तिकीट लागत नाही. ते सुख मला फार मोठं वाटतं.

तुम्ही एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर, येणार असाल, तर लगेच नोकरी करता येईल असं धरू नका. एका पगारात भाडं, गाडी, वीज बसवून पाहा. बसत नसेल तर होकार देण्याआधीच पगाराचं बोलून घ्या.