शेरूचं गुरगुरणं परत आणा

ताई, रावेर तालुक्यात आमची केळीची बाग आहे. आमचा कुत्रा शेरू दोन वर्षांचा. शहरातला ट्रेनर म्हणाला, लांडग्यांच्या कळपात एकच म्होरक्या असतो, तो तुम्ही व्हा. म्हणून चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली. ऐकलं नाही की झटका देतो. जेवताना गुरगुरण्याची खोड तर महिनाभरात मोडली. पण आखाजीला बहीण आली तेव्हा तो पुरणपोळी खात होता, सहा वर्षांचा भाचा नुसता जवळ गेला, तर काहीच कारण नसताना त्याच्या हाताला दात लावले. बायको म्हणते, तुमच्यामुळेच झालं. याहून कडक ट्रेनर बघू, की बागेत बांधून टाकू?

भाऊ,

भाच्याला रेबीजची लस दिली का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नुसता ओरखडा असला आणि दिवस उलटून गेले असले, तरी आजच त्याला सरकारी दवाखान्यात न्यायला सांगा.

आता ते एक वाक्य. 'गुरगुरण्याची खोड तर महिनाभरात मोडली.' तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, थोड्या अभिमानानेच. मी तिथून पुढे सरकूच शकले नाही. दात का लागले, ते त्याच ओळीत आहे. आणि तुम्ही म्हणता, काहीच कारण नसताना!

लांब राहा, मला भीती वाटतेय, हे सांगायला शेरूकडे तेवढंच होतं. सांगितलं की गळा आवळतो हे त्याला कळलं आणि त्याने सांगणं सोडलं. भीती मात्र गेली नाही. उलट वाढली, कारण आता माणूस ताटलीजवळ आला की पाठोपाठ फासही येतो. फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार घातली, तर पुढे मोटरच जळते. तुम्ही शेरूच्या बाबतीत तेच केलंत.

त्या दिवशीही तो गप्प नसणार. पोरगं जवळ येताच खाता खाता थबकला असेल. अंग ताठ, तोंड ताटलीतच, फक्त डोळे वळलेले, त्यांची पांढरी कड दिसेल इतके. नाकावरून जीभ फिरवली असेल. हे तुम्हालाच वाचता आलं नाही, तर सहा वर्षांच्या पोराला कुठून येणार?

म्होरक्याचं म्हणाल, तर १९४७ साली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांवरून ते मांडलं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी १९७० च्या पुस्तकातून ते सगळीकडे पोचवलं आणि त्यांनीच १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे सहसा एक कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची पिल्लं. अमेरिकेतल्या प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या पशुवैद्यांच्या संघटनेने तर २०२१ साली स्पष्टच सांगितलं: खोडी सुधारायच्या असल्या तरी बक्षीस देऊनच शिकवा, वेदना आणि धाक यांना तिथे जागा नाही. तुमचा ट्रेनर अजून १९४७ मध्येच आहे. त्याहून कडक कोणी शोधू नका. आणि साखळीला बांधलेला घाबरलेला कुत्रा उद्या सालदाराच्या पोराला चावेल.

बायकोचं बरोबर आहे. चोक चेन आज काढा आणि भंगारात द्या. साधा रुंद पट्टा घाला. पशुवैद्याकडून दात-कान तपासून घ्या, दुखत असलं तरी जनावर चावतं. मग रोज शेरू खात असताना तीन-चार हात लांबून जा, जाता जाता उकडलेल्या अंड्याचा तुकडा त्याच्याकडे टाका आणि पुढे निघून जा. थांबू नका, हात लावू नका. तुम्हाला बघून त्याचं अंग सैल राहायला लागलं, शेपटी हलायला लागली, की दुसऱ्या दिवशी अर्धा हात जवळून जा. ताठरला, तर परत लांबून. हे काम बायकोवर ढकलू नका, त्याला भीती तुमची आहे. घरात लहान मूल असेल तेव्हा शेरूचं जेवण बंद खोलीत, हा नियम कायमचा.

यात दिवस जातील, जाऊ द्या. कधीतरी तो पुन्हा तुमच्यावर गुरगुरेल. तेव्हा हात उचलू नका, ओरडू नका, दोन पावलं मागे या. आणि मला कळवा.