गावच्या बंद घरात परवान्याची बंदूक ठेवता येते का?

तुमचा प्रश्न असा, की बाबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक सावंतवाडीकडच्या घरात आहे, दिवाळीनंतर ते तीन-चार महिने तुमच्याकडे ठाण्याला येणार, तर ती कपाटात बंद करून चावी शेजारच्या काकांकडे दिली तर चालेल का.

नाही, चावी देऊ नका. कपाट किती मजबूत, हा प्रश्न नंतरचा. शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. काकांच्या हाती चावी म्हणजे बंदूक त्यांच्या ताब्यात, असा अर्थ निघू शकतो. विनापरवाना शस्त्र बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं कैद आहे. भल्या माणसाला कशाला अडकवायचं? परवानाधारकाच्या लेखी संमतीनं दुसरा कोणी बंदूक नेऊ शकतो, पण ती बंदुकीच्या दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा धारकाच्याच वापरासाठी. राखणीसाठी नव्हे. हे तुम्हालाही लागू आहे, मुलगा असलात तरी.

बाबा घरी असताना मात्र बंदूक घरातच राहणार. शस्त्र नियम, २०१६ आल्यापासून सुरक्षित ठेवण्याची जबाबदारी सरळ परवानाधारकावर आहे. आपल्याकडे ती पडवीच्या खुंटीला नाहीतर माळ्यावर असते; ते आता बंद करा. लोखंडी कपाट, चावी बाबांच्याच कनवटीला. आणि बार भरून ठेवू नका. रात्री डुक्कर आला तर ऐन वेळी ठासायला उशीर होतो, म्हणून पुष्कळजण भरलेलीच ठेवतात. अपघात होतात ते त्यातूनच, घरात नातवंडं असली तर जास्तच. बंदुकीची दारू आणि छर्रे वेगळ्या कुलपात, चुलीपासून लांब.

ठाण्याला येण्याआधी बाबांनी स्वतः पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे बंदूक जमा करावी आणि पावती घ्यावी. निवडणुकीत जमा करतात तसंच. (तेव्हासुद्धा सरसकट सगळ्यांच्या बंदुका मागवता येत नाहीत, कुणाची बंदूक जमा करायची हे ठरवणाऱ्या सरकारी छाननी समितीनं प्रत्येक प्रकरण पाहायला हवं, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलंय. गावात हे कुणी सांगत नाही.)

परवान्याची मुदतही आत्ताच बघून घ्या. मुदत संपली की बंदूक घरात ठेवणंच बेकायदा, मग ती तिजोरीत का असेना. बाबांनी सत्तरी ओलांडली असेल तर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागेल.

चोरीला गेलीच, तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्या.