आधी निकालपत्र वाच

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

रखमाबाईंच्या खटल्यावर वर्गात बोलायचं ठरवलंस, आणि एका ठिकाणी त्या जिंकल्या असं वाचलंस, दुसरीकडे हरल्या असं. ‘नक्की काय लिहू?’ म्हणून विचारतेस. इतक्यात काहीच लिहू नकोस. आधी निकालपत्र वाच.

लग्नात रखमाबाई अकरा वर्षांच्या, नवरा दादाजी भिकाजी एकोणीस-वीसचा. त्या आईजवळ, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी वाढल्या. सासरी नांदल्याच नाहीत. १८८४ साली दादाजींनी मुंबई हायकोर्टात दावा लावला, बायको नांदायला यावी म्हणून. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला.

‘कोर्टाने बालविवाह रद्द केला’ हे तुझ्या वहीतलं वाक्य खोडून टाक. लग्न मोडलं नव्हतं. जी बाई नवऱ्याकडे कधी राहिलीच नाही तिला तिच्या मर्जीविरुद्ध तिकडे धाडायला कायद्याचा आधार नाही, एवढंच पिन्हे म्हणाले. १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्या. बेली यांनी तो निकाल फिरवला. असा दावा चालतो म्हणाले आणि प्रकरण पुन्हा सुनावणीसाठी परत पाठवलं. मार्च १८८७ मध्ये न्या. फॅरन यांचा हुकूम आला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. रखमाबाईंची तुरुंगात जायची तयारी होती, पण नांदायला जायला त्यांनी नकार दिला. शेवटी जुलै १८८८ मध्ये दादाजींनी दोन हजार रुपये घेऊन तडजोड केली. आता सांग, ‘जिंकल्या’ हा एक शब्द लिहून भागेल का?

आणि दादाजींना नुसता खलनायक करू नकोस. मालमत्तेसाठी माहेरच्यांनी बायकोला अडवून ठेवलंय, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी आपली बाजू छापूनही काढली. टिळकांचा ‘केसरी’ रखमाबाईंच्या विरोधात होता. ही बाजू पूर्ण ताकदीने मांड, मगच रखमाबाईंचा नकार केवढा होता ते वर्गाला कळेल. मी त्यांच्याच बाजूचा आहे, म्हणून तर सांगतो.

तुझ्या वयात मला हे वाचायला मिळालं नाही. लायब्ररीत लॉ रिपोर्ट, म्हणजे कोर्टाच्या निकालांचे छापील खंड, कुलपात असत, किल्ली मिळवायला शिफारस लागे. वकिली सुरू होईपर्यंत मी दुसऱ्यांच्या मतांवरच बोलत राहिलो, त्याची चुटपुट अजून आहे. पुढे शिकवताना मुलांना भाषणाच्या मधेच थांबवून ‘हे निकालपत्रात कुठे आहे?’ विचारत असे. किचकट माणूस म्हणून नाव पडलं. पडू दे. दोन-चार मुलं तरी मूळ कागद मागायला शिकली, आणि मी आजही तसंच थांबवीन.

पिन्हेंचा निकाल इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत, खंड ९, पान ५२९ वर आहे. अपील खंड १०, पान ३०१ वर. इंग्रजी जुनं आहे, वाक्यं लांब आहेत, कंटाळा येईल. तरी सारांश उघडू नकोस. वाचून झालं की हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ काढ: नांदायला येण्याचा दावा आजही लावता येतो, आणि १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कलम वैध ठरवलं. तुरुंगाची तरतूद मात्र गेली. वर्गात मुलं पहिला प्रश्न यावरच विचारतील.

अडलीस तर फोन कर. पण निकालपत्र समोर उघडं ठेवून कर.

तुझे,
सर