दुसरीतल्या मुलांना ‘स्वतंत्र संशोधना’चा गृहपाठ झेपतो का?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. दुसरीत शिकणाऱ्या आपल्या मुलाला दर पंधरवड्याला एक विषय देऊन ‘स्वतंत्रपणे संशोधन करून एक पान लिहून आणा’ असा गृहपाठ मिळतो, तो या वयाला योग्य आहे का, पालकांनी त्यात किती मदत करावी आणि याबाबत शाळेशी बोलावे का. पहिल्या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि ते मी फारसे आढेवेढे न घेता देतो, कारण अशाच एका पानावरून माझे आणि माझ्या थोरल्या बहिणीचे गेली नऊ वर्षे वाजते आहे. ताई प्राथमिक शिक्षिका आहे, मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती आणि विषय मिळाला होता चंद्र. वहीत चिकटवलेल्या छापील चिठ्ठीवर ‘विद्यार्थ्याने स्वतः माहिती मिळवावी, पालकांनी मदत करू नये’ असे स्पष्ट लिहिलेले असल्यामुळे मी आज्ञाधारकपणे बाजूला राहिलो. तिने काय केले, तर पट्टीने एका पानावर सहा चौकटी आखल्या, प्रत्येक चौकटीच्या तळाशी आमच्या पूर्वेकडच्या गॅलरीचा कठडा आणि समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी काढली आणि रोज संध्याकाळी बरोबर सात वाजता गॅलरीत उभे राहून, चंद्र जिथे दिसेल तिथे तो पेन्सिलीने काढला. पहिल्या चौकटीत अर्ध्याहून थोडा मोठा चंद्र अगदी वरच्या रेघेला टेकलेला होता आणि त्याच्याशेजारी ‘मान दुखली’ अशी नोंद होती. तिसरी चौकट रिकामी होती व तिच्यात फक्त ‘ढग’ एवढाच शब्द होता. (ढगाच्या दिवशी अंदाजाने चंद्र काढून टाकावा असे तिला सुचले नाही, मला नक्की सुचले असते.) सहाव्या चौकटीत पूर्ण गोल चंद्र टाकीवर येऊन बसला होता. पानाच्या खाली तिने निष्कर्ष लिहिला होता: ‘चंद्र रोज जाड होतो. जाड झाला की जड होतो. म्हणून तो खाली येतो.’

निष्कर्ष अर्थातच चुकीचा आहे. चंद्र दररोज सरासरी पन्नासएक मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे ठरावीक वेळेला पाहिले तर पौर्णिमेकडे जाताना तो रोज पूर्वेकडे अधिक खाली दिसतो आणि त्याच दिवसांत त्याची कलाही वाढत असते. या दोन गोष्टी बरोबर घडतात, पण जाडीचा आणि खाली येण्याचा वजनाशी काहीही संबंध नसतो. तरीही नियमित वेळ, ठरलेली जागा, न दिसलेल्या दिवसाची प्रामाणिक नोंद आणि पाहिलेल्या गोष्टींवरून काढलेले, पुढे तपासून पाहता येईल असे अनुमान, एवढे सगळे त्या पानावर होते. सातव्या दिवशी पान शाळेत गेले आणि आठव्या दिवशी परत आले. त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘माहिती अपुरी. पुन्हा लिहिणे.’ मुदत दुसऱ्या दिवसाची.

त्या संध्याकाळी मी मदत न करण्याचा नियम मोडला. साडेसहा वाजता तिला संगणकासमोर बसवले. तिने एकेक अक्षर शोधत ‘चंद्र’ हा शब्द टाइप केला, तेव्हा आधी राशिभविष्य आले, मग गाणी आली, मग बाळांची नावे आली. शेवटी मीच एक विश्वकोशी लेख उघडून दिला. त्याच्या पहिल्याच परिच्छेदात उपग्रह, कक्षा, परिभ्रमण आणि परिवलन हे चार शब्द होते. तिने ‘परिभ्रमण’ तीनदा वाचायचा प्रयत्न केला आणि ते म्हणजे काय असे विचारले. मी म्हणालो, ‘लिही आधी, मग सांगतो.’ सात वाजले तशी ती सवयीने उठून गॅलरीत पळाली आणि परत येऊन म्हणाली, ‘बाबा, आज चंद्रच नाहीये. आता तो बारीक व्हायला लागला ना, मग वर जायला हवा होता ना?’

हे वाक्य मला नऊ वर्षे पुरले आहे. तिने स्वतःच्या अनुमानाची परीक्षा घेतली होती आणि ते नापास झालेले तिला दिसले होते. एखादे मोठे माणूसही सहसा इतक्या सहज स्वतःला तपासत नाही. पौर्णिमेनंतर दोन दिवस झाल्यामुळे चंद्र सात वाजता उगवलेलाच नव्हता, आणि ‘मग तो कधी येतो, ते बघू’ एवढे म्हटले असते तरी बाकीचे तिने स्वतः शोधले असते. मी म्हणालो, ‘चंद्र राहू दे, अजून नऊ ओळी बाकी आहेत.’ पृथ्वीपासूनचे सरासरी अंतर ३,८४,४०० किलोमीटर, व्यास सुमारे ३,४७४ किलोमीटर, मानवाचे पहिले पाऊल जुलै १९६९ मध्ये, असे मी सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. पावणेनऊ वाजता काम संपले तेव्हा ती पेन हातात धरूनच पेंगत होती आणि चंद्र टाकीच्या मागून वर येत होता. दुसऱ्या दिवशी त्या पानाला ‘उत्तम संशोधन’ असा शेरा आणि एक सोनेरी तारा मिळाला. तो तारा कोणाचा होता, हे घरात सगळ्यांना माहीत होते.

आता हे या वयाला का झेपत नाही, याविषयी. दुसरीतले मूल अजून वाचायला शिकत असते, वाचून शिकण्याच्या टप्प्यावर ते पुरते पोहोचलेले नसते. जोडाक्षर फोडण्यातच त्याचे निम्मे लक्ष खर्च होते, आणि आपण त्याच वेळी त्याच्याकडून योग्य शब्द शोधणे, आलेल्या दहा गोष्टींतून खरी व उपयोगाची निवडणे, परिच्छेदातून मुद्दा वेगळा काढणे आणि तो स्वतःच्या शब्दांत सुवाच्य अक्षरात लिहिणे अशी चार कामे मागतो. कार्यकारी स्मृती, म्हणजे एका वेळी डोक्यात धरून ठेवता येईल एवढी माहिती, मोठ्यांचीही तुटपुंजी असते, लहानांची तर त्याहून कमी. किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या तीन शिक्षण-मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली लिहिलेल्या एका निबंधाचा रोख हाच आहे की, ज्याला विषयाची आधीची माहिती नाही अशा नवशिक्याला मार्गदर्शनाशिवाय सोडून दिले, तर त्याची शक्ती शोधाशोधीत संपते आणि शिकणे बाजूला राहते. खरे-खोटे ओळखण्याच्या बाबतीत तर सातवीतली मुलेही फसतात. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची माहिती देणारे एक संपूर्ण बनावट संकेतस्थळ अमेरिकेतल्या कनेक्टिकट विद्यापीठाच्या संशोधकांनी सातवीच्या, त्यातही इंटरनेटवर वाचण्यात तरबेज समजल्या जाणाऱ्या मुलांना दाखवले, तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी ते विश्वासार्ह ठरवले. मग सात वर्षांच्या मुलाकडून आपण नेमकी कोणती अपेक्षा करतो?

गृहपाठाच्या एकूण उपयोगाविषयी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला आढावा ताईनेच मला वाचायला दिला होता, आणि ती चूक तिला अजून भोवते आहे. गृहपाठाचा शालेय यशाशी असलेला संबंध सातवी ते बारावीच्या वर्गांत जितका ठळक आढळतो, तितका त्याखालच्या वर्गांत आढळत नाही, असे त्यात आहे. इयत्तेमागे दहा मिनिटे हा प्रसिद्ध ठोकताळाही कूपर यांच्याच नावाशी जोडला जातो. त्या हिशेबाने दुसरीला वीस मिनिटे येतात. आमच्या तारांकित पानाला सव्वादोन तास लागले.

ताईचा मुख्य युक्तिवाद असा की, मुलांना सतत हात धरून चालवले तर ती स्वतः कधी चालणार, आणि प्रकल्पातून शिकण्याची पद्धत काही आज निघालेली नाही, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किल्पॅट्रिक यांनी ती १९१८ सालीच एका निबंधात मांडली आहे. मी हट्टाने तो निबंध मिळवून वाचला. मुलाने मनापासून आणि स्वतःचा हेतू धरून केलेले काम, तेही इतरांच्या सहवासात, हा त्याचा गाभा आहे. चिठ्ठीवर छापून आलेला विषय हा मुलाचा हेतू नसतो आणि घरी रात्री एकट्याने लिहिलेले पान हा सहवास नसतो. तेव्हा किल्पॅट्रिक यांना ताईने तरी साक्षीला बोलावू नये. राहिली चालण्याची गोष्ट, तर कोणतेही मूल ‘पालकांनी हात देऊ नये’ अशा लेखी सूचनेवरून चालायला शिकलेले माझ्या ऐकिवात नाही.

ताईच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की, तिच्या स्वतःच्या वर्गात हा उपक्रम बरा चालतो. ती विषयाची सुरुवात वर्गात करते, दोन परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवते, मुलांचे प्रश्न फळ्यावर लिहून घेते आणि प्रत्येकाला त्यातला एकच प्रश्न घरी नेऊ देते. पण मग ते ‘स्वतंत्र’ कुठे राहिले, असे मी विचारले की ती विषय बदलते. काही मुले सहाव्या वर्षापासून जाडजूड माहितीची पुस्तके आवडीने वाचतात, त्यांना माझे म्हणणे लागू नाही. शिवाय माझा अनुभव एका मुलीचा आणि एका गृहपाठाचा आहे, हेही खरे.

मदतीविषयी माझे मत आता ठाम आहे: चिठ्ठीवर काहीही छापलेले असो, मदत करावी, मात्र उत्तर शोधण्यात नव्हे, प्रश्न लहान करण्यात. ‘मुंगी’ हा विषय आला तर मुंग्यांविषयी सर्व काही असे न ठेवता, साखर आणि मीठ शेजारी ठेवल्यास मुंग्या कशाकडे जातात, एवढेच त्याला पाहू द्यावे. ‘ज्वालामुखी’सारखा पाहता न येणारा विषय असेल तर एक परिच्छेद आपण मोठ्याने वाचून दाखवावा, पुस्तक मिटावे, त्याला जे आठवेल ते सांगू द्यावे आणि तेवढेच पानावर उतरावे, मग ते तीनच ओळींचे का होईना. वीस मिनिटे झाली की उठावे. पानाच्या खाली ‘हे बाबांनी वाचून दाखवले’ असे त्यालाच लिहायला सांगावे. शिक्षकांना खरी माहिती मिळते आणि मुलालाही आपण कोठून काय घेतले हे सांगायची सवय लागते, जी संशोधनात फार पुढे जाऊन शिकवली जाते. मुलाने पाहून काढलेला निष्कर्ष चुकीचा असेल, तर तो पानावर राहू द्यावा आणि ‘हे खरे आहे की नाही, ते आपण कसे बघू?’ एवढे विचारावे. ताईचे म्हणणे असे की, चुकीचा निष्कर्ष वहीत राहिला तर तो डोक्यातही राहतो. माझ्या मुलीच्या डोक्यात जड चंद्र दोनच दिवस टिकला, आणि तो शेऱ्यामुळे गेला नाही.

शाळेशी बोलावे का, याचे उत्तर द्यायला मी योग्य माणूस नाही. सहा चौकटींचे पान अजून माझ्या कपाटात आहे, ते मी ताईला निदान चार वेळा दाखवले आहे. लाल शाईने शेरा देणाऱ्या बाईंना भेटून, त्या चौकटींमध्ये काय होते ते मात्र मी एकदाही सांगितले नाही. त्यांच्या वर्गात चाळीस मुले होती, आणि पूर्वेकडची गॅलरी त्यांनी पाहिलेली नव्हती.