सैनिकांची स्मारकं गावोगावी आहेत. युद्धाला अहिंसेने विरोध करणाऱ्यांचा सन्मान कुठे होतो का? आणि तो व्हावा का?

होतो. लंडनमध्ये मी नोकरी करते तिथून चालत आठ मिनिटांवर असा एक दगड आहे. ऊन असेल त्या दिवशी मी त्याच्या शेजारच्या बाकावर बसून डबा खाते. त्यामुळे तुमचा प्रश्न दिसला आणि लिहायला बसले.

आधी माझी बाजू सांगून टाकते. मी सातारा जिल्ह्यातली, घरटी एक माणूस फौजेत अशा भागातली. आमच्याकडचं अपशिंगे हे गाव 'मिलिटरी अपशिंगे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण गेले, त्यांचा स्मृतिस्तंभ गावात आहे. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले. तेव्हा सैनिकाला खाली ढकलून शांतिवाद्याला वर चढवायचं, हा उद्योग माझ्याकडून होणार नाही.

आता तो दगड. जागा टॅव्हिस्टॉक स्क्वेअर. मधोमध मांडी घालून बसलेले गांधीजी, फ्रेडा ब्रिलियंट या शिल्पकर्तीने घडवलेले, १९६८ सालचे. जवळच हिरोशिमातल्या मृतांच्या आठवणीसाठी १९६७ मध्ये लावलेलं चेरीचं झाड. आणि थोडं बाजूला स्लेटचा एक मोठा ओबडधोबड दगड. त्यावर इंग्रजीत जे कोरलंय त्याचा अर्थ असा: मारायला नकार देण्याचा हक्क ज्यांनी मिळवला आणि जे तो टिकवून आहेत, त्या सगळ्यांना. १५ मे १९९४ रोजी संगीतकार मायकेल टिपेट यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. टिपेट तेव्हा ८९ वर्षांचे होते, आणि पाहुणा शोभेचा नव्हता: १९४३ मध्ये लष्करी सेवेतून सूट देताना घातलेल्या अटी नाकारल्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची कैद झाली होती.

दरवर्षी १५ मेला, म्हणजे युद्धसेवा नाकारणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय दिनी, तिथे लोक जमतात. मोठी गर्दी नसते. वेगवेगळ्या देशांतल्या नकार देणाऱ्यांची नावं एकेक करून वाचली जातात, पांढरी फुलं दगडापाशी ठेवली जातात, थोडा वेळ शांतता. शाल नाही, श्रीफळ नाही, प्रमुख पाहुण्यांचं चाळीस मिनिटांचं भाषण नाही. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा, खरं सांगते, मला ते जरा कोरडंच वाटलं होतं.

मग ती नावं कोणाची हे शोधायला लागले.

ब्रिटनमध्ये १९१६ पर्यंत सक्तीची लष्करभरती नव्हती. त्या वर्षी कायदा आला, आणि त्यातच एक कलम ठेवलं गेलं की सदसद्विवेकबुद्धीला पटत नसेल तर सूट मागता येईल. साधारण १६ ते २० हजार लोकांनी नकार दिला. 'कॉन्शी' (कॉन्शिअन्शस ऑब्जेक्टर, म्हणजे सदसद्विवेकाने नकार देणारा, याचं लघुरूप) ही त्यांची हेटाळणीची हाक. सूट मागणाऱ्याला स्थानिक न्यायमंडळासमोर उभं राहावं लागे, आणि तिथे एक ठरलेला प्रश्न असे: 'जर्मन सैनिक तुझ्या बहिणीवर हात टाकायला लागला तर काय करशील?' लढेन म्हणालास तर तुझी विवेकबुद्धी खोटी, नाही म्हणालास तर तू माणूसच नाहीस. दोन्हीकडून पकडणारा सापळा. सुमारे सहा हजार जण तुरुंगात गेले, ७०हून अधिक त्या छळापायी मेले. जे परत आले त्यांचा मताधिकार युद्धानंतर पाच वर्षांसाठी काढून घेण्यात आला.

यातली सगळ्यात अंगावर येणारी हकिकत यॉर्कशरच्या रिचमंड किल्ल्यातल्या सोळा जणांची. कोणी फार मोठी माणसं नव्हती. त्यांत राउंट्री चॉकलेट कारखान्यातले कारकून होते, सँडरलंड क्लबच्या राखीव संघातला एक फुटबॉलपटू होता. किल्ल्याच्या कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी, चित्रं अजून जपून ठेवली आहेत. १९१६ च्या मे महिन्यात लष्कराने या सोळांना फ्रान्सला नेलं, कारण आघाडीच्या जवळ आज्ञाभंगाची शिक्षा वेगळी. इतर ठिकाणांहून नेलेले धरून एकूण ३५ जणांना जूनमध्ये बूलोन इथे रांगेत उभं करून निकाल वाचून दाखवला: गोळ्या घालून मृत्युदंड. इथे अधिकारी थांबला. सरसेनापतींनी शिक्षा कायम केली आहे. पुन्हा थांबला. आणि ती दहा वर्षांच्या सक्तमजुरीत बदलली आहे.

त्या दोन विरामांत त्या कारकुनांच्या मनात काय चाललं असेल, हे मला डबा खाताना हमखास आठवतं. जेवण जात नाही असं नाही, पण सावकाश जातं.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, व्हावा का. घरी हा विषय काढला की पहिला वार ठरलेला असतो: 'कृष्णाने अर्जुनाला लढायलाच सांगितलं ना?' याचं सर्वांत चोख उत्तर मला विनोबांकडे मिळालं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचनं दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. पहिल्याच प्रवचनात ते म्हणतात की अर्जुनाचा नकार अहिंसेतून आलेला नव्हताच. आणि एका न्यायाधीशाची गोष्ट सांगतात. या न्यायाधीशाने शेकडो गुन्हेगारांना फाशी दिलेली. एक दिवस त्याचाच मुलगा खुनाच्या आरोपाखाली समोर उभा राहतो, आणि साहेबांना अचानक आठवतं की फाशीची शिक्षा अमानुष आहे, तिने माणूस सुधारायची आशाच उरत नाही, वगैरे. अर्जुनाचं तसंच. आयुष्यभर लढाया मारल्या तेव्हा काही वाटलं नाही. समोर आपली माणसं दिसली तेव्हा तत्त्वज्ञान सुचलं.

ही गोष्ट न्यायमंडळाच्या त्या प्रश्नाशेजारी ठेवून बघा. मंडळ विचारतं, बहीण तुझी असेल तर? विनोबा विचारतात, मुलगा तुझा नसेल तर? कॉन्शी मंडळींचं म्हणणं एवढंच होतं की समोरचा जर्मनही कोणाचा तरी भाऊ आहे आणि माझं माप त्याच्यासाठी बदलणार नाही. माझ्या मते सन्मान करायचा तो याचा. ती माणसं मवाळ, गोड किंवा संत होती म्हणून नाही. त्यांतली बरीच हट्टी आणि वादखोर असणार. सगळा देश बिगुल वाजवत असताना नाही म्हणायला तेवढा हट्ट लागतोच.

आणि विनोबांचं हे नुसतं प्रवचन नव्हतं. तुम्ही स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला असेल तर हे पाठ असेल: वैयक्तिक सत्याग्रहातले पहिले सत्याग्रही कोण? विनोबा भावे. दुसरे? नेहरू. एक गुण, पुढचा प्रश्न. सत्याग्रह कशाबद्दल होता हे किती जणांना सांगता येतं, विचारून बघा. मी विचारलंय. मिठाबद्दल, असंही एक उत्तर आलं.

तो युद्धाविरुद्ध होता. १७ ऑक्टोबर १९४०, वर्ध्याजवळचं पवनार. ब्रिटिशांच्या युद्धाला माणसं किंवा पैसा देणं चूक आहे, सगळ्या युद्धांना अहिंसेने प्रतिकार करणं हाच खरा मार्ग, या अर्थाची घोषणा जाहीरपणे द्यायची आणि अटक होईल ती होऊ द्यायची. चार दिवसांनी विनोबांना पकडलं, तीन महिन्यांची शिक्षा दिली. सुटून आले की पुन्हा तेच, पुन्हा तुरुंग. मे १९४१ पर्यंत देशभरातून वीस हजारांच्या वर लोक आत गेले होते.

हे सगळे शांतिवादी होते, असं मात्र समजू नका. काँग्रेसने त्याच वर्षी राष्ट्रीय सरकार दिलंत तर युद्धात मदत करू असा प्रस्ताव ठेवला होता. सरकारने तो मानला असता तर कदाचित घोषणा उलटी झाली असती. गांधीजींना हा फरक पक्का ठाऊक होता. विनोबांची ओळख करून देताना त्यांनी 'हरिजन'मध्ये स्पष्ट लिहिलं की हा माणूस कोणत्याच युद्धाला न मानणारा आहे, आणि ज्यांचा विरोध फक्त या युद्धाला आहे अशांपैकी दुसरा कोणी मी नंतर कदाचित निवडेन. म्हणजे पहिला मान राजकारणातल्या मोठ्या नावाला न देता धाम नदीकाठच्या एका आश्रमवासीयाला दिला, तो नेमका या कारणासाठी. आपण हे कारण गाळलं आणि क्रमांक तेवढा ठेवला.

(गांधीजींचंही सगळं सरळ नव्हतं. १९१८ मध्ये कॉन्शी लोक इंग्लंडच्या तुरुंगांत असताना ते खेडा जिल्ह्यात गावोगाव फिरून ब्रिटिश फौजेसाठी भरती करत होते, आणि फारसं कोणी मिळालं नाही. आज त्यांचा पुतळा त्या दगडाच्या शेजारी बसलाय. ज्या कोणी जागा ठरवली त्याला हे माहीत होतं की नव्हतं, कोण जाणे. मला ते शेजारपण आवडतं. माणूस बदलू शकतो याचा पुरावा म्हणून.)

पुरस्कारांबद्दल मी थोडक्यात आटोपते, कारण त्यांचं मला फार अप्रूप नाही. नोबेलने कधी कधी धाडस दाखवलं: १९३५ चं शांततेचं पारितोषिक जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की यांना दिलं तेव्हा ते नाझींच्या ताब्यात होते, आणि हिटलरने चिडून जर्मनांना नोबेल घ्यायलाच बंदी केली. पण बहुतेक वेळा सन्मान पोहोचतो तोवर फार उशीर झालेला असतो. फ्रान्झ येगरश्टेटर हा ऑस्ट्रियातला शेतकरी. हिटलरच्या फौजेत लढणार नाही म्हणाला, ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मागे बायको आणि तीन लहान मुली. गावाने त्याच्या बायकोलाही बोल लावले, आणि युद्धविधवांचं निवृत्तिवेतन तिला कितीतरी वर्षं नाकारलं गेलं. २००७ मध्ये लिंझच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं, तेव्हा ती बाई, फ्रान्झिस्का, ९४ वर्षांची होऊन समोर बसली होती. सन्मान कोणाचा झाला म्हणायचं, त्याचा की तिचा? मला विचाराल तर दगडावर तिचंही नाव हवं.

आपल्याकडेही असे प्रसंग आहेत ज्यांना दगड नाही. १९६२ चं चीनयुद्ध संपून जेमतेम तीन महिने झाले होते, बायका संरक्षण निधीसाठी अंगावरचं सोनं काढून देत होत्या, आणि अशा वेळी १ मार्च १९६३ रोजी शंकरराव देव काही साथीदारांना घेऊन दिल्लीहून पेकिंगला (आजचं बीजिंग) पायी निघाले, मैत्रीयात्रा म्हणून. काँग्रेसचे सरचिटणीस राहिलेला हा मराठी माणूस. वाटेत काय काय ऐकून घ्यावं लागलं असेल याची कल्पना आजच्या वातावरणात करणं अवघड नाही. चीनने परवानगी दिलीच नाही, यात्रा पेकिंगला पोहोचली नाही. अयशस्वी ठरलेल्या गोष्टींचे आपण सोहळे करत नाही, म्हणून ही गेली विस्मरणात.

त्याच्या आदल्या वर्षी निघालेली दुसरी जोडी मात्र पोहोचली. बर्ट्रांड रसेल यांना १९६१ मध्ये, वयाच्या ८९व्या वर्षी, अण्वस्त्रविरोधी निदर्शनांपायी तुरुंगात टाकलं (पहिल्या महायुद्धातही ते युद्धविरोधापायी आत गेले होते; टिपेटही दगडाच्या अनावरणाला ८९चेच, हा आकडा या मंडळींना लागू पडतो बहुतेक). ती बातमी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन या दोघा तरुणांनी बंगळूरच्या एका कॉफीगृहात वाचली. म्हातारा जेलमध्ये आणि आपण इथे कॉफी पितोय, म्हणून ते दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टन असे निघाले, जिथे जमीन आहे तिथे पायी. विनोबांकडे आशीर्वाद मागायला गेले तर त्यांनी दोन अटी घातल्या: जवळ पैसा ठेवायचा नाही आणि मांसाहार करायचा नाही. वाटेत सोव्हिएत संघातल्या एका चहा कारखान्यातल्या बाईने त्यांना चहाच्या चार पुड्या दिल्या, चार अण्वस्त्रधारी देशांच्या प्रमुखांसाठी. बटण दाबायची इच्छा झालीच तर आधी थांबा आणि हा चहा करून प्या, एवढा निरोप.

मला विचाराल तर हा जगातला सर्वांत शहाणा शांतता पुरस्कार आहे, फक्त तो उलट्या दिशेने दिला गेला.

मग करायचं काय? नोव्हेंबरमध्ये इथे सगळे युद्धातल्या मृत सैनिकांसाठी लाल पॉपीचं फूल लावतात. १९३३ पासून पांढरी पॉपीही मिळते. ती सगळ्याच युद्धबळींसाठी, नागरिक धरून, आणि युद्ध नको या आग्रहासाठी. मी दोन्ही लावते. ऑफिसात एकाने विचारलं होतं की नक्की ठरलंय का तुझं. लाल आजोबांची, म्हटलं.

आजोबांना मी एकदा, कॉलेजात असताना, विनोबांच्या सत्याग्रहाबद्दल मुद्दाम छेडलं होतं. तुम्ही १९४१ ला भरती झालात, त्याच्या आदल्याच वर्षी हे पवनारला माणसं देऊ नका म्हणून सांगत होते, तुम्हाला कळलं नव्हतं का? ते अंगणात शेंगा फोडत बसले होते. आमच्याकडे कोण सांगायला आलं होतं, म्हणाले, आणि घरात खाणारी तोंडं नऊ होती. मग विचारलं, काय शिक्षा झाली त्यांना? मी म्हटलं, तीन महिने.

'तीनच?' आजोबा म्हणाले. 'आमची पाच वर्षं गेली की.'